हवामानबदल हा शब्द शेवटी

पुणे

अनेक आशीर्वाद.

उजनी धरणाच्या पाण्याचे तुझे दोन्ही नकाशे पाहिले. एक 1990 च्या फेब्रुवारीतल्या लँडसॅट 5 उपग्रहाच्या इमेजवरून, दुसरा 2023 च्या मे महिन्यातल्या सेंटिनेल-2 उपग्रहावरून. दोन्हींची वजाबाकी करून खाली वाक्य लिहिलंस, 'हवामानबदलामुळे उजनीचा जलविस्तार घटला.' गाईडना ते पटलं नाही म्हणून आता विषयच सोडू का, असं विचारतेस. विषय सोडू नकोस. वाक्य खोड.

पाणी कमी दिसलं की आधी यंत्रावर संशय घ्यायचा, मग तारखेवर, मग माणसावर, मग पावसावर. हवामानबदल शेवटी. हा क्रम मोडायचा नाही.

यंत्रापासून सुरू कर. लँडसॅटचा पिक्सेल, म्हणजे इमेजमधला सगळ्यात लहान चौकोन, 30 मीटरचा, म्हणजे जवळजवळ नऊ गुंठे. सेंटिनेलचा 10 मीटरचा, म्हणजे साधारण एक गुंठा. जलाशयाच्या अरुंद फाट्या दुसऱ्यात दिसतात, पहिल्यात काठच्या जमिनीत मिसळून जातात. या दोघांची थेट वजाबाकी होत नाही. एक तर सगळी वर्षं लँडसॅटवरच कर, नाहीतर सेंटिनेल सरासरी काढून 30 मीटरवर आण. प्रोजेक्शन, म्हणजे गोल पृथ्वी सपाट नकाशावर आणायची पद्धत, दोन्हीकडे एकच, यूटीएम 43 उत्तर, ठेव. लँडसॅट 7 घेणार असशील तर 31 मे 2003 नंतरच्या प्रत्येक इमेजमध्ये पट्टे आहेत आणि सुमारे 22 टक्के पिक्सेल गायब आहेत. त्यांना 'पाणी नाही' असं मोजू नकोस, 'माहिती नाही' असं मोज.

सेंटिनेल-2 च्या आकड्यांत 25 जानेवारी 2022 पासून 1000 ची भर घातलेली असते. ती वजा न करता एनडीडब्ल्यूआय, म्हणजे हिरव्या आणि जवळच्या अवरक्त बँडची वजाबाकी भागिले बेरीज असा पाण्याचा निर्देशांक, काढलास तर छेद फुगतो आणि निर्देशांक शून्याकडे सरकतो. ज्याच्या वर पाणी मानायचं तो उंबरठा तू 0.2 धरलायस. शून्य धरला असतास तर चिन्ह बदललं नसतं, पण 0.2 वर काठचं उथळ, गढूळ पाणी गळून जातं. तुझ्या 'घटी'तला काही भाग इथेच आहे. गुगलच्या अर्थ इंजिनमध्ये 'हार्मोनाइज्ड' संग्रह निवडलास की हे आपोआप सुटतं. लँडसॅट कलेक्शन 2 च्या लेव्हल 2 मध्येही, म्हणजे वातावरणाचा परिणाम काढलेल्या आकड्यांतही, 0.0000275 ने गुणून 0.2 वजा केल्याशिवाय निर्देशांक काढायचा नाही.

एनडीडब्ल्यूआयऐवजी हिरवा आणि लघुतरंग अवरक्त बँड घेणारा एमएनडीडब्ल्यूआय वापर, बांधकामं पाणी म्हणून कमी फसवतात. तरी डोंगराची सावली फसवतेच. पानशेत-वरसगावच्या खोऱ्यात डिसेंबरच्या सकाळी सूर्य खाली असतो आणि उतारावरची सावली पाणी म्हणून मोजली जाते, तेव्हा उंचीच्या मॉडेलवरून तीव्र उतार वगळ. उलट बाजूला जलपर्णी. ती पाण्यावर असूनही वनस्पती म्हणूनच येते. आणि उजनीच्या काठची गाळपेर! पाणी ओसरलं की त्या जमिनीत पीक उभं राहतं, म्हणून तिथलं हिरवं म्हणजे जलपर्णी की पीक हे काठावर जाऊनच ठरव.

आता तारीख. फेब्रुवारी आणि मे यांची तुलना कशी केलीस गं? मधे उन्हाळी आवर्तन, म्हणजे शेतीसाठी कालव्याच्या पाण्याची पाळी, सुटतं. वर्ष जून ते मे असं धर आणि दरवर्षी दोनच खिडक्या ठेव, ऑक्टोबरअखेरची आणि मेअखेरची. पावसाळ्यात ढगांमुळे सेंटिनेल-1 चं रडार लागेल, पण वाऱ्याने पाणी खवळलं की ते जमिनीसारखं उजळ दिसतं, आणि जुलैत मावळातली लावणीची भातखाचरं पाणी म्हणून येतात.

मग माणूस. इथे मी हटून बसते आणि बसणारच. उजनीतलं पाणी कालव्याला किती, नदीत किती सोडायचं, हे बैठकीत ठरतं. साठा उणे पातळीत, म्हणजे वापरायच्या साठ्याच्याही खाली, जातो तो बऱ्याचदा या निर्णयांमुळे. टेमघर गळतीच्या दुरुस्तीसाठी रिकामं केलं होतं. उपग्रहाला तिथे कोरडा तळ दिसला, कारण मात्र धरणाच्या भिंतीतलं होतं. म्हणून जलसंपदा विभागाचे धरणसाठ्याचे रोजचे आकडे, टीएमसीमध्ये (अब्ज घनफुटांत), इमेजच्या तारखेशी जुळवून शेजारच्या रकान्यात भर. शिवाय विस्तार म्हणजे साठा नव्हे. गाळ साचला की तेवढ्याच विस्तारात पाणी कमी मावतं.

लोक म्हणतात, एवढं खोडत बसलं तर छापून काही येत नाही. माझं छापलेलं थोडं आहे, त्याची हळहळही आहे. तरी क्रम सोडणार नाही. आवर्तनाचा प्रश्न आभाळावर ढकलला की टेलच्या, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाच्या, शेतकऱ्याला जाब विचारायला कुणी उरत नाही.

पाऊस जलाशयाकाठच्या इंदापूरचा घेऊ नकोस, उजनी भरतं ते घाटमाथ्यावरच्या पावसावर. पुण्याच्या हवामान विभागाचा पाव अंशाच्या जाळीचा रोजचा पाऊस 1901 पासूनचा आहे, त्यातून वरचं पाणलोट क्षेत्र कापून घे. शेवटचं वर्षही जपून निवड. मालिका 2016 च्या मे महिन्यात संपवलीस तर दुष्काळामुळे कल खाली जाईल, 2019 च्या ऑक्टोबरात संपवलीस तर वर. कल खरा आहे की योगायोग हे तपासणारी मान-केंडल चाचणी लावताना एका वर्षाचा साठा पुढच्या वर्षात उतरतो हे ध्यानात घे, नाहीतर नसलेला कल ठळक वाटेल.

तुझ्या पुण्याच्या उष्णतेच्या नकाशाबद्दलही थोडक्यात. लँडसॅट सकाळी साडेदहा-अकराच्या सुमारास जातो आणि पृष्ठभागाचं तापमान मोजतो, हवेचं नाही. मे महिन्यात नांगरून पडलेली उघडी शेतं त्या वेळी शहरापेक्षा तापलेली असतात. शहराची उष्णता पाहायची तर मोडिस या उपग्रहावरच्या उपकरणाची रात्रीची निरीक्षणं घे.

हे सगळं वजा करून, तीसेक वर्षांच्या मालिकेत तेवढ्याच पावसाला आणि तेवढ्याच विसर्गाला पाणी कमी उरतंय असं दिसलं, तर वाढलेला ऊस तपास, मग बाष्पीभवन. तिथे पोचलीस की हवामानबदल लिही, मी स्वतः तुझ्या गाईडशी बोलेन.

आधी तक्ता पाठव: जून-मे वर्ष, इमेजची तारीख, उपग्रह, ढगांची टक्केवारी, विस्तार हेक्टरमध्ये, साठा टीएमसीमध्ये, घाटमाथ्यावरचा पाऊस. नकाशा नको.