क्षेत्रभेटी आणि हाताने करायच्या उपक्रमांतून प्राथमिकची मुलं खरंच काही शिकतात का?

शिकतात. पण भेटीच्या आधी वर्गात काय झालंय त्यावर ते ठरतं. तुम्ही लिहिलंय की मुलगी दुसरीत आहे, शाळेत सारखे उपक्रम आणि भेटी चालू असतात, वह्या मात्र कोऱ्या, तर शाळेत जाऊन बोलावं का. हे वाचलं आणि राहवलं नाही, कारण मी बरीच वर्षं प्राथमिकला शिकवलंय आणि याच विषयावरून एका ज्येष्ठ सहकारी बाईंशी माझे कायम खटके उडायचे.

त्यांचं म्हणणं, भेट म्हणजे सुट्टी, तेवढ्या वेळात दोन धडे होतात, आणि हे सगळं हल्लीचं फॅड आहे. फॅड कसलं? अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ जॉन ड्युईंनी शिकागोत शाळा काढली १८९६ साली, तिथे मुलं स्वयंपाक, विणकाम, सुतारकाम करत करत गणित-विज्ञान शिकायची. माँटेसरीबाईंचं रोममधलं बालगृह १९०७ चं, गुजरातचे बालशिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेका यांचं भावनगरचं बालमंदिर १९२० चं. शंभर वर्षं झाली की!

तिसरीच्या मुलांना आम्ही जलशुद्धीकरण केंद्र दाखवायला नेणार होतो. मी नेण्याआधी प्रत्येकाला एक चित्र काढायला लावलं, गढूळ पाणी आत जातं आणि स्वच्छ बाहेर येतं तर मध्ये काय होत असेल? कुणी मोठी गाळणी काढली, कुणी पाणी उकळणारं पातेलं, एकीने तर आत बसून कचरा वेचणारी माणसं काढली. मी काहीच चूक-बरोबर केलं नाही. मग मातीचं पाणी दोन बरण्यांत घेतलं, एकीत तुरटी फिरवली, दुसरी तशीच ठेवली. मातीचे अगदी बारीक कण एकमेकांना दूर ढकलत राहतात म्हणून लवकर खाली बसत नाहीत, तुरटीने ते चिकटून त्यांचे पुंजके होतात आणि जड होऊन तळाला जातात. हे मी नंतर सांगितलं, आधी मुलांनी नुसतं बघितलं, मधल्या सुट्टीत सुद्धा बरणीपाशी गर्दी. मग बाटली कापून उलटी केली, तोंडाशी कापूस, त्यावर खडी, मग जाड वाळू, वर बारीक वाळू. पहिलं पाणी आत ओतलं त्यापेक्षा घाण आलं! वाळूच धुतलेली नव्हती. मी मुद्दाम सांगितलं नव्हतं, ते त्यांनीच शोधलं आणि वाळू धुवून पुन्हा भरली. आता नितळ पाणी आलं तर एकाने विचारलं पिऊ का, आणि नितळ दिसलं तरी जंतू असतात, म्हणून पुढे क्लोरीन लागतो हे तिथेच निघालं.

केंद्रावर माहिती देणारे गृहस्थ पाठ केल्यासारखं सांगत होते. वर्गात कधी तोंड न उघडणाऱ्या एका मुलीने विचारलं, काका, तुमची वाळू एवढी मोठी, ती घाण झाली की बाहेर काढून धुता का? ते थांबले, आणि मग खालून उलटं पाणी सोडून वाळू जागच्या जागी कशी धुतात ते समजावत बसले, आम्ही निघायची वेळ टळून गेली. परत आल्यावर मुलांनी तेच जुनं चित्र वेगळ्या रंगाच्या पेन्सिलीने दुरुस्त केलं. कोण काय शिकलं ते त्या दोन रंगांत स्वच्छ दिसत होतं, वेगळी परीक्षा कशाला हवी?

बाईंच्या वर्गाने तीच भेट केली होती, आधी काहीही न करता, आणि दुसऱ्या दिवशी फळ्यावरून दहा ओळींचा निबंध उतरवून घेतला. सगळ्यांचा सारखा. त्यावरून त्यांनी भेटींना नावं ठेवली, आणि मला तेव्हाही पटलं नाही, आजही पटत नाही. त्या निबंधातून काय कळणार होतं?

तर कोऱ्या वहीवरून शाळेत भांडायला जाऊ नका. मुलीला विचारा, जाण्याआधी काय केलं होतं, तिथे तू काय विचारलंस? दर वेळी उत्तर काहीच नाही असं आलं तर मात्र जरूर बोला. हां, वाचन आणि पाढे यांना रोजचा सराव लागतोच, उपक्रमाने ते आपोआप येत नाहीत, ते मागे पडत असतील तर तुमची काळजी रास्त आहे. उघड्या टाक्या, यंत्रं अशा जागी नेत असतील तर थोड्या थोड्या मुलांमागे एक मोठं माणूस आहे ना तेही विचारा, आणि पैसे भरता आले नाहीत म्हणून कुणी मूल मागे राहत असेल तर ती भेट नकोच. पण जाऊन बोललात आणि पुराव्यासाठी निबंध लिहून घेऊ असं शाळा म्हणाली, तर स्पष्ट नको म्हणा आणि आधीचं-नंतरचं चित्र मागा.