गाईच्या एका सडातून दुधाच्या गाठी येतात. सडात सोडायची औषधाची ट्यूब आणून घरीच सोडली तर दगडी (कासेची सूज) बरी होईल का?

तुम्ही लिहिलंय की दोन दिवसांपासून मागच्या उजव्या सडातून गाठी येतात, कासेचा तेवढाच कप्पा कडक आणि गरम लागतो, पण गाय चारा खाते. ट्यूबने बहुतेकदा फरक पडतो. मात्र ती सोडण्याआधी गाय पाहा, कास नंतर.

गुदद्वारात थर्मामीटर दोन मिनिटं धरा. निरोगी गाईचं तापमान 101 ते 102.5 अंश फॅरनहाइट असतं. ताप 103 च्या वर गेला, रवंथ थांबलं, किंवा सडातून दुधाऐवजी पिवळसर पाणी येऊ लागलं, तर डॉक्टरांना त्याच वेळी बोलवा, रात्र असली तरी. अशा दगडीत जंतूंचं विष रक्तात उतरतं. शिरेतून सलाईन आणि सूज उतरवणारं इंजेक्शन लागतं, नुसत्या ट्यूबवर ती गाय वाचत नाही. कान थंड पडले आणि ताप उतरला तर त्याला सुधारणा समजू नका. ती गाय खचत चाललेली असते.

तुमची गाय खाते आहे, म्हणजे हाताशी थोडा वेळ आहे. कोणतं औषध वापरायचं ते डॉक्टरांनाच ठरवू द्या, आणि पहिली ट्यूब सोडण्यापूर्वी दुधाचा नमुना घ्या. सडाचं टोक स्पिरिटने पुसा, पहिल्या तीन-चार धारा टाकून द्या, मग निर्जंतुक बाटली आडवी धरून 5 ते 10 मिलि दूध घ्या. बाटली बर्फात ठेवून 24 तासांच्या आत प्रयोगशाळेत पोचवा. औषध सुरू झाल्यावर घेतलेल्या नमुन्यात जंतू सहसा वाढत नाहीत. मग पहिलं औषध लागू पडलं नाही तर पुढचं अंदाजानेच निवडावं लागतं.

आता ट्यूब. खरा घोळ इथेच होतो. आधी तो कप्पा पूर्ण मोकळा करा. गाठी आणि पू आत राहिला तर औषध त्यातच अडकतं. हे दूध गोठ्यात जमिनीवर पिळू नका, वेगळ्या भांड्यात घ्या, आणि आजारी सड नेहमी सगळ्यात शेवटी पिळा. हात धुवा, सड कोरडा करा आणि टोक स्पिरिटच्या बोळ्याने घासा. बोळा पांढरा निघेपर्यंत नवा बोळा घेत राहा. सडाच्या छिद्राभोवतीची बारीक काळी रेघ दिसत नाही, पण बोळ्यावर उतरते, आणि ट्यूबच्या नळीबरोबर आत जाते ती हीच घाण. नळी 3 ते 4 मिमीच आत घाला. सडाच्या तोंडाशी केराटिनचा थर असतो, जंतू अडवण्याचं काम तोच करतो. नळी पूर्ण खुपसली की तो खरवडला जातो आणि घाण वर ढकलली जाते. औषध हळू सोडा, टोक चिमटीत धरून बोटांनी वरच्या दिशेला सारा, मग सड जंतुनाशकात बुडवा. दोन सड आजारी असतील तर पुसताना आधी लांबचा, ट्यूब सोडताना आधी जवळचा, म्हणजे पुसलेल्या सडाला हात घासत नाही. एकच ट्यूब दोन सडांत वाटू नका. सडात काडी किंवा पीस तर कधीच घालू नका.

दुसऱ्या ट्यूबनंतर दूध साफ दिसतं आणि लोक थांबतात. गाठी गेल्या म्हणजे जंतू मेले असं नसतं. लेबलवर 12 तासांनी 3 ट्यूब लिहिल्या असतील तर तिन्ही सोडा. साबणद्रावणाच्या चाचणीत (दुधात साबणद्रावण मिसळलं की दगडीचं दूध घट्ट होतं) बरं झाल्यावरही दोन-तीन आठवडे दूध घट्ट होऊ शकतं, कारण दुधातल्या पेशी सावकाश कमी होतात. तेवढ्यावरून औषध बदलू नका.

शेवटच्या ट्यूबनंतर लेबलवर जितका काळ लिहिला असेल तितका काळ चारही सडांचं दूध टाका. औषध रक्तातून इतर कप्प्यांतही उतरतं, आणि दूध उकळलं तरी ते भरवशाने नष्ट होत नाही. अशा दुधाचं दहीही नीट लागत नाही, विरजणाचे जंतू मरतात. वासरालाही ते पाजू नका.

तोच सड महिन्या-दोन महिन्यांनी पुन्हा सुजला आणि आत घट्ट गोळे हाताला लागले, तर स्टॅफिलोकोकस ऑरियसचा संशय घ्या. हा जंतू कासेच्या पेशींत आणि गाठींच्या आत दडतो, तिथे औषध नीट पोचत नाही. दूध चालू असताना ट्यूबमागून ट्यूब सोडण्यापेक्षा गाय आटवताना दीर्घकाळ टिकणारी ट्यूब सोडली तर बरं होण्याची शक्यता जास्त. तरीही गेला नाही तर डॉक्टरांच्या सल्ल्याने तो कप्पा कायमचा बंद करतात.

राहिलेले तीन सड आजच सांभाळा. प्रत्येक धारेनंतर 5 टक्के पोव्हिडोन आयोडीनमध्ये (यात उपलब्ध आयोडीन 0.5 टक्के असतं) सड बुडवा आणि लगेच वैरण टाका, म्हणजे गाय अर्धा तास उभी राहील. धारेनंतर सडाचं तोंड तेवढा वेळ उघडं असतं. अंगठा दुमडून पिळायची सवय असेल तर मुठीने पिळा. अंगठ्याच्या हाडाने सडाच्या आतला पडदा चेचला जातो.