हात वर करण्याआधी

प्रिय,

तुझं पत्र मिळालं. एका सहकाऱ्याला संघटनेतून काढायचा ठराव आला, सगळ्यांचे हात वर गेले, तुझाही गेला, आणि तेव्हापासून तुझी झोप उडाली आहे. तू विचारतेस, आपला विचारच चुकीचा होता का? मला वेगळंच खटकलं. एवढ्या लांबलचक पत्रात त्या माणसाचं एकही वाक्य नाही. त्याला कुणी काही विचारलं होतं का?

ज्याचा निवाडा करायचा, त्याचं ऐकल्याशिवाय हात वर करायचा नाही. आयुष्यभर मी एवढं एकच धरून राहिलो.

माणसं एका देवामुळे किंवा एका जाहीरनाम्यामुळे एकत्र राहतात असं आपण मानतो. तेवढ्यानं कुणी टिकत नाही. समाजशास्त्रज्ञ एमिल दुर्खीमनं 1912 मध्ये धर्माची व्याख्या केली, तेव्हा श्रद्धा आणि आचार एवढ्यावर तो थांबला नाही. त्या श्रद्धा-आचारांनी बांधलेला ‘नैतिक समुदाय’ त्यानं व्याख्येतच घातला. पवित्र काय, निषिद्ध काय, कुणाला आपलं म्हणायचं आणि कुणाला बाहेर काढायचं, यावर जे एकत्र ठरवतात ते एक होतात. पक्षांचंही असंच चालतं. अमेरिकेतल्या बाप्टिस्ट या ख्रिस्ती पंथाचं बायबल एकच होतं, बाप्तिस्माही एकच. पण गुलाम बाळगणाऱ्याला धर्मप्रचारक म्हणून पाठवायचं का, या प्रश्नावर 1845 मध्ये दक्षिणेतले बाप्टिस्ट वेगळे झाले. त्यांच्या संस्थेनं गुलामगिरीला दिलेल्या पाठिंब्याबद्दल जाहीर माफी मागितली ती 1995 मध्ये. श्रद्धा तीच होती, फाटलं ते निवाड्यावर.

म्हणून तुझा वर गेलेला हात ही किरकोळ गोष्ट नाही. संघटना कशी घडणार ते अशाच हातांनी ठरतं.

क्वेकर या ख्रिस्ती पंथाचं उदाहरण मला फार मोलाचं वाटतं. त्यांच्यातला बेंजामिन ले हा गुलामगिरीविरुद्ध भर सभेत ओरडणारा, सगळ्यांना नकोसा झालेला माणूस. 1738 मध्ये त्यानं फिलाडेल्फियाच्या वार्षिक सभेत पुस्तकासारख्या दिसणाऱ्या पोकळ वस्तूत तलवार खुपसली, आत दडवलेला लाल रस रक्तासारखा उडाला, आणि त्याच वर्षी त्याला सभासदत्वातून काढलं. गुलाम बाळगणारी माणसं मात्र आतच राहिली. जॉन वूलमन या दुसऱ्या क्वेकरानं वेगळी वाट धरली. गुलाम बाळगणाऱ्या क्वेकरांच्या घरी जाऊन तो त्यांच्यासमोर बसायचा, बोलायचा, ऐकायचा, आणि पुन्हा जायचा. 1758 मध्ये त्याच वार्षिक सभेनं गुलामांच्या खरेदी-विक्रीत असलेल्या सभासदांवर कारवाईची दिशा घेतली, आणि 1776 मध्ये गुलाम बाळगणंच सभासदांना निषिद्ध ठरवलं. संघटना तीच, पण निवाडा उलटला, कारण काही माणसं आत राहून हट्टानं बोलत राहिली. (क्वेकर सभेत मतदान घेत नाहीत, हेही लक्षात ठेव. मोजायला वर केलेले हातच नसतात.)

तू म्हणशील, माझ्या एकटीच्या हातानं काय झालं असतं? ही सबब मी ऐकून घेणार नाही. मानसशास्त्रज्ञ सोलोमन अ‍ॅशनं 1950च्या दशकात रेषांच्या लांबीचे प्रयोग केले. खोलीतले बाकीचे सगळे आधी ठरवून धडधडीत चुकीचं उत्तर द्यायचे, आणि ज्यांना हे ठाऊक नसायचं त्यांच्यातले कितीतरी जण डोळ्यांना दिसत असूनही त्यांची री ओढायचे. पण खोलीत एकानं जरी बरोबर उत्तर दिलं, की री ओढणं एकदम कमी व्हायचं. तुझा हात खाली राहिला असता, तर शेजारच्याला श्वास घेता आला असता. तिथे तुझ्यासारखे आणखी किती गोंधळलेले होते, हे आता तुला कधीच कळणार नाही.

मला कुंपणावरचा म्हणतात. ज्यांच्याबरोबर उमेदीची वर्षं काढली त्यांनी बोलावणं बंद केलं. त्याची खंत आहे, आणि ती जाणार नाही. पण मी कुंपणावर नाही. मीही माणसांना दोषी ठरवलं आहे, कडक शब्दांत, तोंडावर. फक्त ऐकल्यावर. उशीर होतो, शिस्त बिघडते, विरोधकांना फावतं, हे सगळं मला सांगून झालं आहे. होऊ दे उशीर. तक्रार करणारीचं आधी ऐका, पूर्ण ऐका, तिला कुणी दडपत असेल तर तिच्या पाठीशी उभे राहा. मग ज्याच्यावर आरोप आहे त्याचं ऐका. हे न करता घेतलेला ठराव उद्या तुझ्यावरही तितक्याच एकमतानं येईल.

आणि तुझी झोप उडाली याचं मला बरंच वाटलं, रागावू नकोस. ज्यांना शांत झोप लागली त्यांची मला जास्त काळजी आहे.

राजीनाम्याचं आता काढू नकोस. त्या माणसाला भेटायला जा. त्याची बाजू घेऊ नकोस, समजूत काढू नकोस, माफीही इतक्यात मागू नकोस. त्याला बोलू दे. तो खरंच दोषी वाटला, तर पुन्हा हात वर कर, मी तुझ्याबरोबर आहे. नाही वाटला, तर ठराव फेरविचाराला ठेवायची मागणी लेखी दे, तोंडी नको, आणि खाली फक्त तुझी सही असली तरी दे. पुढची बैठक कधी आहे ते कळव, मसुदा आपण मिळून करू.

तुझा,
काका