अठरा पूर्ण होण्याआधी तुझी फाइल वाच

प्रिय बाय,

तुझं पत्र वाचलं. "मी आईकडची म्हणायची की बाबांकडची?" असं तू विचारलं आहेस. कोणी विचारतंय म्हणून या प्रश्नाचं उत्तर घाईनं देऊ नकोस. तू गोव्यातल्या सत्तरी तालुक्याच्या गावडा या आदिवासी समाजाच्या घरातल्या आईची आहेस आणि टांझानियाहून शिकायला आलेल्या बाबांचीही आहेस. यातली एक बाजू खोडायला सांगण्याचा अधिकार तुझं प्रकरण बघणाऱ्या बालकल्याण समितीला नाही, शाळेला नाही, आणि समितीनं तुला सांभाळायला दिलेल्या ज्या फॉस्टर घरी तू वाढते आहेस त्या घरालाही नाही. पण दोन्ही बाजू तुझ्या असल्या तरी त्या कागदावर आहेतच असं धरून चालू नकोस. अठरा पूर्ण व्हायला तुला एक वर्षही उरलेलं नाही. त्यानंतर हेच कागद मिळवायला दुप्पट वेळ जातो, कारण तुझ्यासाठी विचारणा करणं हे ज्यांचं काम आहे त्यांचं काम त्या दिवशी संपतं.

सुरुवात फाइलपासून कर. त्यात बालकल्याण समितीचे आदेश असतात, सामाजिक तपासणी अहवाल असतो, वैयक्तिक काळजी आराखडा, दवाखान्याचे कागद आणि शाळेचे दाखले असतात. दोन संस्कृतींतून आलेल्या मुलांच्या फाइलमध्ये ठरावीक जागी चुका सापडतात. पहिला फॉर्म घाईत भरलेला असतो. "वडील : माहीत नाही" असं लिहिलेलं असेल, तर कित्येकदा त्याचा अर्थ कोणी विचारलंच नाही एवढाच असतो. पुढचा कर्मचारी तेच उतरवतो, आणि तीन फॉर्मनंतर ती ओळ पक्की होऊन बसते. धर्माचा रकाना आडनावावरून भरला जातो, नाहीतर मूल ज्या घरी ठेवलं त्या घरावरून. मातृभाषेचा रकाना शाळेच्या माध्यमावरून. म्हणून आई-वडिलांची नावं आणि त्यांचं स्पेलिंग, जन्मस्थळ, धर्म, मातृभाषा, आणि नातेवाइकांची यादी, एवढ्या जागा आधी तपास.

अर्ज कसा करायचा तेही नीट समजून घे. तपासणी अहवाल कायद्यानं गोपनीय असतात, पण त्यातला मजकूर काय आहे हे समिती तुला सांगू शकते. "माझी फाइल द्या" असं मोघम लिहिलंस तर नकार सोपा जातो. असं लिही: "मी अमुक तारखेला अठरा वर्षांची होईन. माझ्या प्रकरणातले सर्व आदेश, जन्मदाखला, जातीविषयीचे कागद, वैद्यकीय नोंदी आणि शैक्षणिक कागद यांच्या प्रती मिळाव्यात. सामाजिक तपासणी अहवालात माझ्या आई-वडिलांबद्दल व नातेवाइकांबद्दल जे नोंदवलं आहे ते मला समजावून सांगावं. चुकीची नोंद असल्यास माझं म्हणणं लेखी घ्यावं." दोन प्रती काढ, एक दे, दुसरीवर शिक्का-तारखेसह पोच घे. पोच नसलेला अर्ज दिल्यासारखा धरू नकोस. २०१५ च्या बाल न्याय कायद्याप्रमाणे समितीनं महिन्यात किमान २० दिवस बसायचं असतं, तेव्हा "पुढच्या महिन्यात बघू" हे उत्तर ऐकून परत येऊ नकोस, तारीख लिहून माग. आपलं म्हणणं मांडण्याचा हक्क त्याच कायद्याच्या मूळ तत्त्वांमध्ये आहे.

वाचताना एकटी बसू नकोस. तुझी समुपदेशक किंवा फॉस्टर घरच्या आंटी शेजारी असू दे, सकाळची वेळ निवड, परीक्षेचा आदला दिवस नको. आईच्या आजारपणाबद्दल, बाबा निघून गेले त्याबद्दल कोरड्या सरकारी भाषेत लिहिलेलं असेल. ते वाचून राग येईल. ती तुझ्या आईची सगळी ओळख नाही, हे त्या क्षणी शेजारच्या माणसानं सांगायला हवं.

आता जन्मदाखला आणि नागरिकत्व. हे तुझ्याबाबतीत सगळ्यात नाजूक आहे, म्हणून सविस्तर लिहिते. ३ डिसेंबर २००४ नंतर भारतात जन्मलेलं मूल जन्मानं भारतीय ठरायला दोन गोष्टी पुरतात: आई-वडिलांपैकी एक भारतीय नागरिक असणं, आणि जन्माच्या वेळी दुसरा बेकायदा स्थलांतरित नसणं. व्हिसा संपल्यावर राहिलेला माणूसही कायद्यात बेकायदा स्थलांतरितच धरला जातो. म्हणजे तुझ्या जन्माच्या दिवशी बाबांचा विद्यार्थी व्हिसा चालू होता का, यावर बरंच अवलंबून आहे. त्यांच्या पासपोर्टची प्रत, कॉलेजचा प्रवेशाचा कागद, विदेशी नागरिक नोंदणी कार्यालयातली नोंद, यातलं काहीही आईच्या जुन्या पिशवीत, आजीच्या कपाटात किंवा फाइलमध्ये असेल तर त्याची प्रत आधी काढ. आणि हे नसेल तर घाबरून कुठल्या एजंटकडे जाऊ नकोस. जिल्हा विधी सेवा प्राधिकरण मुलांना आणि स्त्रियांना वकील मोफत देतं, उत्पन्नाची अट न लावता. त्यांचा मदत क्रमांक १५१०० आहे. जन्मदाखल्यावर वडिलांची जागा रिकामी असेल तर तो दाखला निरुपयोगी ठरत नाही. अविवाहित आईला वडिलांचं नाव सांगायची सक्ती करता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१५ साली स्पष्ट केलं आहे.

आईच्या बाजूचा जमातीचा दाखला हा तुझा दुसरा मोठा कागद. गावडा, कुणबी आणि वेळीप या समाजांना गोव्यात २००३ साली अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला. "वडील परदेशी, मग तुला कसा मिळणार?" असं तुला काउंटरवर ऐकावं लागेल. वडिलांची जात तीच मुलाची, असं गृहीत धरलं जातं, पण ते गृहीतक पुराव्यानं खोडता येतं, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१२ साली सांगितलं आहे. आईनं वाढवलं, आईच्या समाजानं आपलं मानलं, त्या समाजाच्या वाट्याला येणारी वंचना मुलाच्याही वाट्याला आली, हे दाखवावं लागतं. त्यासाठी शाळेच्या पहिल्या वर्षांच्या नोंदी, आजीच्या घरचा पत्ता असलेले कागद, मामाचा जमातीचा दाखला आणि गावातल्या जाणत्या माणसांची प्रतिज्ञापत्रं जमव. तू आता ख्रिस्ती घरात राहतेस म्हणून हा हक्क जात नाही. धर्माची अट अनुसूचित जातींच्या यादीला आहे, जमातींच्या यादीला नाही. हा फरक माहीत नसल्यामुळे मुलं काउंटरवरून हात हलवत परत येतात.

नावाबद्दल थोडक्यात. बाबांचं आडनाव लावायचं मनात असेल तर लाव, आईचं ठेवायचं तर ठेव, दोन्हीही चालतील. पण दहावीचं प्रमाणपत्र, आधार आणि जन्मदाखला या तिन्हींवर एकच नाव असू दे. गोव्यात नाव बदलायला नोटरीचं प्रतिज्ञापत्र पुरत नाही, १९९० च्या नाव-आडनाव बदल कायद्याखालीच अर्ज करावा लागतो. म्हणून बदलायचं असेल तर एकदाच, सगळा विचार करून.

रहिवासाचा दाखला मामलेदाराकडून मिळतो आणि सरकारी नोकरीला १५ वर्षांचा रहिवास विचारतात. मधली वर्षं बालगृहात आणि फॉस्टर घरात गेलेल्या मुलांचे पत्ते चार-पाच होतात, त्यामुळे साखळी तुटलेली दिसते. समितीच्या प्रत्येक आदेशावर तू कधी, कुठे होतीस हे असतं. ते आदेश तारखेनुसार लावून एका प्लास्टिक फोल्डरमध्ये ठेव.

आजीच्या घराबद्दल तू विचारलं नाहीस, तरी लिहिते. अठराव्या वाढदिवसानंतर कधीही न भेटलेले नातेवाईक मिठाई आणि एक कागद घेऊन येतात, हे या क्षेत्रात काम करणाऱ्या सगळ्यांना माहीत आहे. गोव्याच्या वारसा कायद्यात मुलांना वारसातून सहजासहजी वगळता येत नाही. इस्टेटीचा अर्धा भाग राखीव वारसांसाठीच असतो, आणि वारलेल्या मुलीच्या जागी तिची मुलं उभी राहतात. आजोबा वारल्यावर सक्सेशन डीड, म्हणजे वारस कोण हे नोंदवणारा दस्त, झालं असेल तर त्यात तुझं नाव आहे का, हे वकिलाकडून सब-रजिस्ट्रार कार्यालयात बघून घे. हक्कसोड किंवा कुलमुखत्यारपत्र यांवर समोर बसून सही करू नकोस. "वकिलाला दाखवून देते" एवढंच म्हण. ज्याचा हेतू सरळ आहे तो आठ दिवस थांबतो.

आता केसांबद्दल. ही किरकोळ बाब आहे असं मला मुळीच वाटत नाही. तुझ्यासारखे घट्ट कुरळे केस सांभाळायची सवय इथल्या घरांना नसते, म्हणून बालगृहात ते सरळ कापून टाकतात आणि मुलीला वाटतं की आपल्यातच काही बिघडलेलं आहे. असे केस कोरडे विंचरले की तुटतात, वाढत नाहीत असं वाटतं ते त्यामुळे. आठवड्यातून एकदा धू, रोज नको. शाम्पू फक्त टाळूला लाव. ओल्या केसांचे चार भाग कर, प्रत्येक भागाला दोन चमचे कंडिशनर लाव, आणि मोठ्या दातांच्या फणीनं टोकाकडून सुरुवात करून हळूहळू मुळाकडे जा. धुऊन झाल्यावर केस दमट असतानाच खोबरेल तेलाचे चार-पाच थेंब तळहातावर चोळून टोकांना लाव, म्हणजे ओल आत राहते. टाळूवर कोंडा असेल तर टाळूला तेल थापू नकोस, त्यानं कोंडा वाढतो. पावसाळ्यात ओलेच केस घट्ट वेणीत बांधलेस तर वास येतो आणि टाळू खाजते, आधी पंख्याखाली पूर्ण वाळव. बारीक घट्ट वेण्या महिनोन्‌महिने ठेवल्या तर कपाळाच्या कडेचे केस कायमचे जाऊ शकतात. वेणी घातल्यावर कपाळ ताणलं गेलं तर ती सैल करायला सांग. रात्री साटिनचं कापड डोक्याला बांध. आंटींना हे सगळं करून दाखव, त्यांना शिकायचं असेल.

तब्येतीचंही असंच. डॉक्टर "घरात कोणाला काय आजार?" विचारतील तेव्हा गप्प राहू नकोस, "वडिलांच्या बाजूची माहिती नाही" असं सरळ सांग. सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार पूर्व आफ्रिकेत बराच आढळतो आणि भारतातल्या अनेक आदिवासी समाजांतही, म्हणजे तुझ्या दोन्ही बाजूंना विचारात घ्यायला हवा. त्यासाठी रक्तातल्या हिमोग्लोबिनची एचपीएलसी नावाची तपासणी आयुष्यात एकदा केली की पुरते. बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) त्याबद्दल विचार. जी-सिक्स-पीडी या रक्तपेशींतल्या विकराची (एन्झाइमची) तपासणीही करून घे, कारण त्या कमतरतेत मलेरियाचं एक औषध त्रास देतं. दोन्ही रिपोर्ट फोल्डरमध्ये.

लोक बोलतात, त्याचं काय करायचं? बसमध्ये कोणी "कुठली गो तू?" विचारलं आणि सूर साधा असेल तर "सत्तरीची" म्हण, तेही पूर्ण खरं आहे. पुढे खोदून विचारलं तर "घरचं सांगायला आवडत नाही" म्हण आणि खिडकीबाहेर बघ. खापरी किंवा आफ्रिकी रूपावरून हिणवणारा तसला शब्द वर्गात वापरला गेला तर तारीख, शब्द आणि साक्षीदार वहीत लिही आणि मुख्याध्यापकांना आंटींमार्फत लेखी दे. तोंडी तक्रार "मुलं मस्करी करतात" म्हणून मिटवली जाते. समितीनं फॉस्टर घराची दर महिन्याला पाहणी करायची असते, तेव्हाही हे सांग. आणि कार्यक्रमात देणगीदार तुला पुढे उभं करून फोटो काढू लागले तर नकार दे. तुझी ओळख जाहीर करायला कायद्यानं बंदी आहे, आणि तू इतर मुलांत उठून दिसतेस म्हणून तुलाच पुढे ओढलं जातं हे मला फार खुपतं.

आंटींच्या घरी संध्याकाळी तेर्स (जपमाळेची ख्रिस्ती प्रार्थना) असतो, तू बसतेस, छान आहे. चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, आजीकडे जायचं असेल तर महिनाभर आधी समितीला सांग, म्हणजे परवानगीचा कागद वेळेत होतो. बाप्तिस्मा किंवा नाव बदलणं मात्र फॉस्टर कुटुंब आपल्या मर्जीनं करू शकत नाही. तुला स्वतःला हवं असेल तर अठरा झाल्यावर शांतपणे ठरव.

बाबांना शोधायचं तर एकटीनं रात्री फेसबुकवर नको. समुपदेशकाबरोबर बसून पहिला निरोप चार ओळींचा लिही: आईचं नाव, तुझं पहिलं नाव, आणि बोलायची इच्छा आहे एवढंच. पत्ता, आधार, शाळा काही नको. पैसे मागणारा किंवा लगेच पाठवू म्हणणारा, दोघांपासूनही दूर राहा. उत्तर आलंच नाही तर पुढे काय, हे निरोप पाठवायच्या आधीच दोघींनी बोलून ठेवा.

शेवटची गोष्ट, आणि ही लगेच कर. अठरानंतरच्या मदतीची कायद्यातली व्याख्या संस्थेतून बाहेर पडलेल्यांबद्दल बोलते, त्यामुळे फॉस्टर घरातल्या मुलांना "तुला लागू नाही" असं सांगितलं जाण्याची भीती असते. मिशन वात्सल्य या केंद्राच्या बालसंरक्षण योजनेत अशा मदतीसाठी महिना ४,००० रुपयांची तरतूद आहे, २१ वर्षांपर्यंत आणि गरज असल्यास २३ पर्यंत. तुझ्या काळजी आराखड्यात अठरानंतरचं राहणं, शिक्षण आणि ही रक्कम या तिन्ही गोष्टी आत्ताच लिहून घे, आधी बालगृहात काढलेली वर्षं त्यात नमूद कर, आणि समितीचा त्यावर आदेश माग. अर्जाचा कच्चा मसुदा लिहिलास की मला पाठव. तुझ्याच शब्दांत लिही, मी फक्त तारखा आणि कलमं तपासून देईन.

तुझी,
ताई