मांजरीची पिल्ले एकापाठोपाठ का दगावतात?

प्रश्न : आमचे गाव यवतमाळ जिल्ह्यात आहे. सोयाबीन-तुरीच्या खोलीत उंदीर होऊ नयेत म्हणून मांजरी पाळली आहे. तिच्या दोन महिन्यांच्या तीन पिल्लांपैकी दोन पिल्ले खाणे सोडून, उलट्या व हगवण होऊन आठवडाभरात दगावली. त्यांनी उंदराचे औषध खाल्ले असावे, असे शेजारी म्हणतात. तिसरे आजपासून सुस्त आहे. काय करावे?
– एक वाचक

उत्तर : तिसऱ्या पिल्लाला आजच तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात न्या, उद्यावर ढकलू नका. विषबाधा नाकारता येत नाही, परंतु पिल्ले दिवसांच्या अंतराने, सारख्याच लक्षणांनी आजारी पडली, यावरून मला पॅनल्यूकोपेनिया या मांजरांच्या संसर्गजन्य आजाराची दाट शंका येते. तो घडवणारा मांजरांचा पार्व्हो विषाणू आतड्याचे अस्तर आणि पांढऱ्या पेशी तयार करणारी अस्थिमज्जा (हाडांतला मगज) या दोहोंवर घाला घालतो, म्हणून पिल्लू एकीकडे पाण्यावाचून सुकते आणि दुसरीकडे त्याची प्रतिकारशक्ती कोसळते. कुत्र्यांच्या पार्व्होसाठी असलेल्या चाचणीपट्टीवर मांजराची विष्ठाही तपासता येते. मात्र चाचणी नकारार्थी आली तरी आजार नाही असे ठरत नाही, त्यामुळे रक्तातील पांढऱ्या पेशी मोजून घ्याव्यात.

विषाणूला मारणारे खात्रीचे औषध नाही. सलाईन, उलटी थांबवणारे इंजेक्शन, आतड्यातील जिवाणू रक्तात उतरू नयेत म्हणून प्रतिजैविके, ऊब आणि लवकरात लवकर थोडे थोडे अन्न, एवढ्यावरच पिल्लू तरते. ताप आहे म्हणून घरातली पॅरासिटामॉल मुळीच देऊ नका. मांजरासाठी ती प्राणघातक असते.

विषाणू घरात वर्षभरही टिकू शकतो. पिल्ले निजत होती तो बारदाना जाळून टाका. फरशी आधी साबणाने स्वच्छ धुऊन, मग एक भाग ब्लीचमध्ये बत्तीस भाग पाणी मिसळून ते फरशीवर दहा मिनिटे राहू द्या. फिनाईल वापरू नका, कारण त्यातील काही घटक मांजरांना विषारी असतात. शेणाने सारवलेल्या जमिनीवर ब्लीचचा प्रभाव उरत नाही, त्यामुळे तशा खोलीत लस न झालेले पिल्लू आणूच नये. ही लस सहा ते आठ आठवड्यांच्या वयात सुरू करून, सोळा आठवडे पूर्ण होईपर्यंत तीन-चार आठवड्यांच्या अंतराने देतात. हा आजार माणसांना किंवा गाई-म्हशींना होत नाही. तुमच्या मांजरीलाही, ती धडधाकट दिसत असली तरी, पशुवैद्यकांच्या सल्ल्याने पुन्हा गाभण राहण्याआधीच लस टोचून घ्यावी.