थर्मोकोलच्या साच्यातली भिंत

प्रश्न : खारघरला तळमजला अधिक एक असं घर बांधतोय. पश्चिमेची भिंत संध्याकाळी तापते, म्हणून थर्मोकोलच्या पोकळ ठोकळ्यांत काँक्रीट ओतून भिंत करावी म्हणतो. काय जपावं?

उत्तर : बेत चांगला आहे. दोन्ही बाजूंना ६५ मिमी थर्मोकोल आणि मध्ये १५० मिमी काँक्रीट, अशा भिंतीतून नऊ इंची विटेच्या भिंतीच्या साधारण आठवा हिस्सा उष्णता आत येते. मात्र वरचा स्लॅब उघडा ठेवलात तर वरच्या मजल्यावर फायदा फारसा जाणवणार नाही. आधी स्लॅबवर इन्सुलेशन करा.

खरी कसोटी ओतकामाची. ओल्या काँक्रीटचा दाब मीटरभर उंचीला चौरस मीटरमागे सुमारे २,४०० किलो असतो. एका दमात मजलाभर ओतलं की कोपऱ्यात किंवा कापून जोडलेल्या ठोकळ्यापाशी साचा फुटू शकतो. म्हणून घराला फेरी मारत एका वेळी मीटरभरच चढवा. कोपरे, खिडक्यांच्या कडा बाहेरून फळ्यांनी आवळा, आतून टेकू द्या आणि ओतताना ओळंबा पाहत राहा. खडी १० ते १२ मिमीची, स्लंप, म्हणजे ओलं काँक्रीट किती खाली बसतं ते माप, १२५ ते १५० मिमी. काँक्रीट हलवून नीट बसवणारा व्हायब्रेटर २५ मिमीचा. पोकळी राहिली तर साचा कायमचा असल्याने ती दिसणारही नाही. हा धोका फार गंभीर आहे. सळयांचं डिझाइन स्ट्रक्चरल इंजिनिअरकडूनच घ्या.

बाहेरून जाळी दाबून पॉलिमर प्लास्टर, आतून आगीसाठी जिप्सम बोर्ड. थर्मोकोल जमिनीला टेकवू नका. वाळवी त्यातून वाट काढते. एसीचं आउटडोअर युनिट थेट काँक्रीटमध्ये अँकरने (काँक्रीटमध्ये घट्ट रुतणाऱ्या बोल्टने) बसवा.