प्रश्न तुमचे, उत्तर ग्राउंडवरून: लेकरू डिफेन्सला खेळतंय, पुढं काय?

कबड्डी-खोखोच्या प्रश्नांत मागच्या वेळी सहज एक ओळ टाकली होती की फुटबॉलवाल्यांनीपण विचारा, तर बरीच पत्रं आली आणि गंमत म्हणजे जवळपास सगळी डिफेंडर पोरांच्या घरून. गोल मारणाऱ्यांच्या घरचे बहुतेक निवांत असतील. जागेपुरती निवडक घेतोय.

प्रश्न: सर, भाचा १९ वर्षांचा आहे, सेंटर बॅक (गोलसमोर मधोमध उभा राहणारा डिफेंडर) खेळतो, सध्या पुण्यात अकॅडमीत आहे. आयएसएलमधला (इंडियन सुपर लीग, देशातली सगळ्यात वरची) एक मोठा क्लब रिझर्व्ह म्हणजे मुख्य टीमच्या खालच्या टीमसाठी ३ वर्षांचा करार देतोय. दुसरीकडं त्याखालच्या आय-लीगमधला एक क्लब आहे, पैसे कमी, करार १ वर्षाचा, पण तिथला कोच म्हणतो पोराला पहिल्या अकरात खेळवतो. दाजी म्हणतात मोठा क्लब सोडायचा नाही, चारचौघांत नाव होतं. काय करावं? – एक मामा, परभणी

उत्तर: मामा, दाजींना राग येईल पण चारचौघांत नाव होऊन पोराला मॅच मिळत नसतात. मी असतो तर आय-लीगवाल्या क्लबाकडं वळलो असतो, फक्त "खेळवतो" हा शब्द तोंडी ठेवला नसता.

कारण सांगतो. आयएसएलमध्ये २०२१-२२ पासून एका वेळी मैदानात ४ परदेशी खेळाडू चालतात, त्याआधी ५ चालायचे. आता हे चार जण क्लब कुठं वापरतो, तर गोल मारायला एखादा-दुसरा, मिडफिल्डला एखादा आणि बऱ्याचदा एक सेंटर बॅकला. म्हणजे मधल्या दोन जागांपैकी भारतीय पोरासाठी उरली एक, आणि तिथं आधीच कुणीतरी २६-२७ वर्षांचा इंडियाला खेळलेला माणूस बसलेला असतो. तो जखमी झाला नाही, त्याला कार्डं मिळाली नाहीत, तर १९ वर्षांच्या पोराचा नंबर लागणार कधी? स्ट्रायकरला कोच शेवटची दहा मिनिटं उतरवून बघतो, सेंटर बॅकला असं कुणी उतरवत नाही, कारण त्याची एक चूक म्हणजे डायरेक्ट गोल. म्हणून या जागेवरची पोरं उशिरा पिकतात. व्हर्जिल व्हॅन डाइक लिव्हरपूलला गेला तेव्हा २६ वर्षांचा होता, आणि त्याआधी ग्रोनिंगेन, सेल्टिक, साउथॅम्प्टन अशी एकेक पायरी चढत, प्रत्येक ठिकाणी खेळून गेला होता.

आपल्याकडचं बघायचं तर संदेश झिंगन. चंदीगडचा पोरगा, सुरुवात केली युनायटेड सिक्कीमकडून, किती जणांनी ते नाव ऐकलं असेल सांगा. पण खेळला. मग २०१४ ला आयएसएलचा पहिलाच सीझन, केरळा ब्लास्टर्सकडून उभरता खेळाडू ठरला, २०२० ला अर्जुन पुरस्कार मिळाला. आणि त्याच झिंगनची दुसरी बाजूपण बघा, २०२१ ला क्रोएशियाच्या शिबेनिक क्लबात गेला, केवढं कौतुक झालं होतं, पण दुखापतीनं एकही अधिकृत मॅच न खेळता काही महिन्यांत परत आला. अनुभवी माणूस होता म्हणून सावरला, १९ व्या वर्षी असं वर्ष वाया गेलं की पोरगं खचतं.

मोठ्या क्लबाला फोन करून तीन गोष्टी विचारा: भाच्याच्या पुढं किती सेंटर बॅक आहेत, मागच्या दोन वर्षांत रिझर्व्हमधून किती डिफेंडर वर गेले, आणि करारात लोनवर पाठवायची सोय आहे का. लोनवर दुसरीकडं खेळायला पाठवणार असतील आणि तसं लिहून देणार असतील तर मग माझं मत बदलेल, ३ वर्षांची पगाराची हमी काही वाईट नाही. पण गुळमुळीत बोलायला लागले की समजून घ्या.

करार मात्र शेवटच्या ओळीपर्यंत वाचा, वकिलाला दाखवा. २०२४ ला अन्वर अलीचं काय झालं ते पेपरात आलंच होतं. हा पंजाबचा सेंटर बॅक, २०१७ चा अंडर-१७ वर्ल्ड कप खेळलेला. २०१९ ला त्याच्या हृदयात दोष निघाला, फेडरेशननं खेळू नको म्हणून सांगितलं, पोरगं हायकोर्टात गेलं, परत मैदानात उतरलं आणि मार्च २०२२ मध्ये इंडियाच्या सीनियर टीमला खेळलं. एवढं सोसून पुढं अडकला कशात, तर लोनच्या करारात. मोहन बागानचा करार तोडून ईस्ट बंगालला गेला म्हणून ४ महिन्यांची बंदी आणि १२ कोटी ९० लाखांची भरपाई असा निर्णय आला, मग परत कोर्ट. कोण बरोबर कोण चूक त्यात मी पडत नाही, पण सही करताना कोणत्या कलमाचा अर्थ काय हे घरातल्या एका तरी माणसाला माहीत पाहिजे की नको?

अजून एक. फिफाच्या नियमानं १८ च्या आतल्या पोराशी ३ वर्षांपेक्षा जास्त करार करता येत नाही, त्यानंतर जास्तीत जास्त ५ वर्षं. आणि क्लबानं दोन महिन्यांचा पगार थकवला तर लेखी नोटीस देऊन १५ दिवस थांबायचं, तरी पैसे आले नाहीत तर खेळाडूला करार मोडता येतो. हे लक्षात ठेवा, कारण २०२५ च्या जुलैत आयएसएलचा पुढचा सीझन अधांतरी लटकला तेव्हा काही क्लबांनी पगार थांबवले होते, आणि ते लहान क्लब नव्हते बरं का.

प्रश्न: मुलगा १६ वर्षांचा. शाळेच्या टीममध्ये स्ट्रायकर होता, सुब्रतो कपला विभागापर्यंत जाऊन आला. आता नव्या कोचनं त्याला मागं ढकललंय, सेंटर बॅक कर म्हणतात. लेकरू रडतंय. त्यात इथं सगळी पोरं नीटच्या क्लासला, आमचंच हे असं. – एक आई, लातूर

उत्तर: ताई, ढकललं म्हणू नका, त्याला ऐकू जातं ते. कोचनं बहुतेक त्याची उंची आणि डोकं बघितलंय. स्ट्रायकर राहिलेल्या पोराला समोरचा स्ट्रायकर कधी पळणार ते आधी कळतं, ते शिकवून येत नाही.

आपल्याकडच्या पोरांची एक जमेची बाजू आहे ती सांगतो, मला तर हे लई महत्त्वाचं वाटतं. आपली ग्राउंडं मुरमाची. घसरून टॅकल केला की गुडघा सोलून निघतो, म्हणून पोरं आपोआप पायावर उभं राहून डिफेंड करायला शिकतात, आणि मोठे कोच तेच तर बोंबलून सांगत असतात, की खाली बसू नको, अंगावर धावून जाऊ नको, अर्धा तिरका उभा राहा, समोरच्याला बाहेरच्या बाजूला ने आणि चेंडू त्याच्या पायापासून हातभर सुटला की मगच पाय घाल. उणी बाजूपण मुरमाचीच. चेंडू कसा उडेल भरवसा नाही म्हणून पोरं आला चेंडू की हाणला लांब. पुण्या-मुंबईत टर्फवर ट्रायलला गेलं की तिथं कोच म्हणतो मागून पास देऊन खेळ काढ, आणि आपलं पोरगं आकाशात किक मारून मोकळं. तर सुट्टीत त्याला भिंतीवर दोन्ही पायांनी पास मारायला लावा, रोज, कंटाळा येईपर्यंत. आणि तोंड उघडायला लावा. गोलकीपरनंतर अख्खं मैदान समोर दिसतं ते सेंटर बॅकलाच, तो गप्प राहिला तर टीम आंधळी.

राहिलं गोल मारायचं दुःख, तर २०१८-१९ च्या आयएसएल फायनलचा एकमेव गोल कुणाचा? बेंगळुरूच्या राहुल भेकेचा. आपला मुंबईचा डिफेंडर, ११७ व्या मिनिटाला कॉर्नरवर हेडर, तोही मुंबईतच. ती क्लिप दाखवा त्याला.

नीटचं म्हणाल तर मी लातूरकरांशी त्या विषयावर वाद घालत नाही. पण दहावी-बारावीला खेळाचे २५ पर्यंत वाढीव गुण मिळतात, शाळेकडून जिल्हा क्रीडा कार्यालयात प्रस्ताव वेळेत गेला का एवढं तुम्ही स्वतः जाऊन बघा, शाळेवर सोडू नका.

प्रश्न: लहान भावाचं एसीएल (गुडघ्यातला लिगामेंट) फाटलं, ऑपरेशन झालं, आता साडेपाच महिने झालेत. क्लबवाले विचारतात कधी येतो. भाऊ म्हणतो मी पळतोय, दुखत नाही, जाऊ दे मला. – बीडहून

उत्तर: नका जाऊ देऊ. दुखत नाही म्हणजे बरं झालं असं एसीएलमध्ये नसतं भाऊ. आत बसवलेला नवा लिगामेंट पक्का व्हायला वेळ लागतो, आणि नऊ महिन्यांच्या आत मैदानात उतरणाऱ्याचा गुडघा परत फाटायचा धोका जास्त असतो. त्यात तुमचा भाऊ डिफेंडर, समोरचा जिकडं वळेल तिकडं ह्याला वळावं लागतं, उलटं पळता पळता एकदम फिरावं लागतं, नेमका तोच ताण गुडघ्यावर. सरळ रस्त्यावर पळून काही सिद्ध होत नाही. फिजिओला सांगून दोन्ही मांड्यांची ताकद मोजून घ्या, ऑपरेशनचा पाय चांगल्या पायाच्या निदान ९० टक्के भरला पाहिजे, एका पायावर उड्या मारायची टेस्टपण असते. त्यानंतर आधी टीमसोबत फुल सराव, मग मॅच.

झिंगनचंपण २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये हेच झालं, अख्खा सीझन गेला, आणि अर्जुन पुरस्कार त्याच्या पुढच्या वर्षी आला. आणि तुमच्याच जिल्ह्यातला, आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा धावपटू अविनाश साबळे, जुलै २०२५ मध्ये मोनॅकोला पाण्याच्या अडथळ्यावर पडला, एसीएल गेलं, ऑपरेशन झालं. भावाला म्हणावं ऑलिम्पिकवाला थांबतो तर तू थांब की.

प्रश्न: एक जण ट्रायलसाठी ५० हजार मागतोय, म्हणतो क्लबात सेटिंग आहे. – हिंगोली

उत्तर: देऊ नका. एजंटाला फिफाचं लायसन्स लागतं, नावं फिफाच्या साइटवर बघता येतात. खरा एजंट करार झाल्यावर त्यातून कमिशन घेतो. पोरगं १८ च्या आत असेल तर पालकांच्या लेखी परवानगीशिवाय त्यानं बोलायलासुद्धा यायचं नसतं.

प्रश्न: पोरगा २३ चा, दोन क्लब फिरला, आता करार संपलाय. म्हणतो अजून एक वर्ष बघतो. मी म्हणतो नोकरीचं बघ. सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आहे ना? – जालन्याहून एक वडील

उत्तर: आहे काका, पण त्यासाठी क्लबाचा करार चालत नाही, ठरलेल्या राज्य-राष्ट्रीय स्पर्धांचं प्रमाणपत्र लागतं, आणि त्याची विभागीय क्रीडा उपसंचालकांकडं पडताळणी होते. प्रो खेळणाऱ्या पोरांचं इथंच फसतं, क्लबाच्या नादात राज्याच्या टीमची निवड चाचणी सोडतात आणि नंतर हातात काही नसतं. त्यामुळं आधी घरातल्या फायली काढून बसा, शाळा-कॉलेज-विद्यापीठाची सगळी प्रमाणपत्रं, मूळ प्रती. कुणी "करून देतो" म्हणालं तर त्याला दारातूनच परत पाठवा, खोट्या प्रमाणपत्रांवर लागलेल्या नोकऱ्या गेल्यात लोकांच्या.

आणि एक वर्ष मागतोय तर द्या. डिफेंडरला २३ म्हणजे काहीच नाही, फक्त त्याला सांगा या वर्षात संतोष ट्रॉफीच्या (राज्यांच्या टीमांची राष्ट्रीय स्पर्धा) निवडीला जायचंच, म्हणजे टीममध्ये नाव आलं तर फुटबॉल आणि नोकरी दोन्हीकडं उपयोग. सोबत कोचिंगचा सुरुवातीचा कोर्सपण करून टाकू दे, फेडरेशनचे डी लायसन्सचे कोर्स असतात, थोड्या दिवसांचं काम आहे. तारखा राज्याच्या असोसिएशनकडं विचारा, जागा पटकन भरतात.